बसतो म्हणून बसवू नका

जुन्या स्पोर्ट्स कारच्या हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब खुपसून त्याला ‘अपग्रेड’ म्हणणाऱ्यांशी मला भांडायचं आहे. आणि भांडण मला स्वतःपासूनच सुरू करावं लागणार, कारण मीही तेच केलं होतं.

माझ्याकडे १९९२ सालची माझदा मिआटा आहे. अमेरिकेबाहेर बऱ्याच ठिकाणी हीच गाडी एमएक्स-५ नावाने ओळखली जाते. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. दोन सीट, उघडणारं छत, हजार किलोच्या आसपास वजन आणि बटण दाबलं की बॉनेटमधून बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येणारे गोल हेडलाइट. पुढच्या पिढीच्या मिआटात ते डोळे गेले. २००४ नंतर तर असे वर येणारे दिवे नेहमीच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांमधून संपलेच. त्यामुळे ज्यांच्याकडे ते आहेत, त्यांचा त्यांच्यावर जरा जास्तच जीव असतो.

न्यू जर्सीत ही गाडी सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच रात्री लक्षात आलं की समोर उजेड म्हणून जे काही पडतंय ते देवघरातल्या समईइतकं आहे. मूळच्या अमेरिकी मिआटात सीलबंद दिवे येत. काच, रिफ्लेक्टर आणि फिलामेंट एकाच बंद भांड्यात. फिलामेंट गेलं की अख्खा दिवा बदलायचा. अमेरिकेत १९४० पासून १९८३ पर्यंत असेच दिवे सक्तीचे होते आणि नंतरही बरीच वर्षं ते स्वस्त आणि मस्त म्हणून टिकले. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने ते काढून एच४ बल्ब घेणारे सात इंची गोल दिवे बसवले होते. म्हणजे मला फक्त बल्ब बदलायचा होता. चाळीस डॉलरची जोडी मागवली. खोक्यावर लिहिलं होतं, वीस हजार ल्युमेन. वीस मिनिटांत बसवली. भिंतीवर पांढराशुभ्र झोत पडला आणि मी स्वतःवरच खूश झालो.

तिसऱ्या रात्री एका अरुंद, दिवे नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीने दोनदा अप्पर मारला. मी डिपरवरच होतो, म्हणून मनातल्या मनात त्यालाच शिवी घातली. तो जवळजवळ थांबला. मी बाजूने गेलो तेव्हा दिसलं, आजोबांच्या वयाचा माणूस एक हात डोळ्यांवर धरून बसला होता.

घरी येऊन रूममेटला म्हटलं, माझी गाडी घे आणि डिपर लावून माझ्याकडे हळूहळू ये. मी कॉलनीच्या मागच्या रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी पन्नासेक मीटरवर आली तेव्हा मला गाडी दिसत नव्हती, रस्त्याची कड दिसत नव्हती, माझ्या पायाजवळचा चर दिसत नव्हता. नुसता पांढरा भिंतीसारखा उजेड. ती निघून गेल्यावरही काही क्षण मी आंधळाच होतो.

हे का होतं ते समजून घ्यायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. माझ्याकडे ती असून मी ते समजून घेतलं नव्हतं, एवढंच.

एच४ बल्बात दोन फिलामेंट असतात, एक अप्परचं आणि एक डिपरचं. डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला लागतो आणि तिथून परतलेला प्रकाश खाली, रस्त्यावर जातो. वाटीची एक कड पंधरा अंशांत कललेली असते. त्यामुळे फुटपाथच्या बाजूला उजेड थोडा वर चढतो आणि समोरच्याच्या बाजूला खाली राहतो. म्हणजे काय दाखवायचं याचा जितका विचार झालाय, तितकाच काय अंधारात ठेवायचं याचाही झालाय. डिपर म्हणजे मोजून कापलेला अंधार आहे.

आता तिथे एलईडी घाला. फिलामेंट ही बारीक तार, चहूबाजूंना प्रकाश टाकणारी. एलईडीचे तुकडे मात्र एका पट्टीच्या दोन सपाट बाजूंना चिकटवलेले. जागा वेगळी, आकार वेगळा, प्रकाश फेकण्याची दिशा वेगळी. रिफ्लेक्टरला या फरकाशी तडजोड करता येत नाही. समजा त्याचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर आहे. मग प्रकाशाचा उगम एक मिलिमीटर सरकला की पन्नास मीटरवर झोत सुमारे दोन मीटर सरकतो. रस्त्यावर पडायचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जायला दोन मीटर पुरेसे आहेत.

आम्ही सॉफ्टवेअरवाले यातली चूक चटकन ओळखायला हवी. कनेक्टर जुळला म्हणजे करार जुळला असं होत नाही. फंक्शनचं नाव तेच, पॅरामीटर तितकेच, कोड कम्पाइल होतो आणि प्रॉडक्शनमध्ये दुसऱ्याच कुणाचा डेटा उडतो. एच४चं खोबण फक्त तीन पात्यांचं नसतं, त्यामागे फिलामेंट नेमकं कुठे असेल याचं वचन असतं. ‘प्लग अँड प्ले’ लिहिणारा विक्रेता प्लगबद्दल खरं बोलतो, बाकीचं आपल्यावर सोडतो. अमेरिकेच्या संघीय नियमांत हॅलोजनसाठी बनलेल्या हेडलाइटमध्ये असा बल्ब रस्त्यावर वापरायला मुभा नाही. म्हणूनच माझ्या खोक्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘ऑफ-रोड वापरासाठी’ असं छापलेलं होतं. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण ती तपासलेल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरतीच.

यावर ठरलेली उत्तरं येतात.

पहिलं, ‘पण मला जास्त दिसतं.’ जास्त उजळ दिसतं, हे खरं. पण असा बल्ब बहुतेक वेळा गाडीच्या नाकासमोरचे दहा-पंधरा मीटर झगझगीत करतो. डोळे त्या उजेडाला सरावतात आणि लांबचा अंधार आणखी काळा होतो. हरीण लांबच्या अंधारातून येतं. आपल्याला सुरक्षित वाटणं आणि आपण सुरक्षित असणं या दोन गोष्टी आहेत, आणि खोक्यावरचे ल्युमेन पहिलीच विकतात.

दुसरं, ‘हल्लीच्या सगळ्या गाड्यांना एलईडीच असतात.’ असतात ना. त्यांचा पूर्ण दिवा एलईडीसाठी बनवलेला असतो. माझं भांडण एलईडीशी नाहीच. सात इंची गोल आकारात अख्खे एलईडी दिवे मिळतात, मान्यतेचा शिक्का असलेले. ते घ्या, परवडत असतील तर. फक्त बर्फाच्या मुलखात राहत असाल तर लक्षात ठेवा, हॅलोजनची उष्णता काचेवरचा बर्फ वितळवते, एलईडीची काच थंड राहते.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त झोंबतं, कारण ते माझंच होतं. ‘समोरचे एसयूव्हीवाले माझे डोळे फोडतातच की.’ मिआटात बसलात की तुमचे डोळे जमिनीच्या इतके जवळ असतात की मागच्या पिकअप ट्रकचे दिवे नेमके आरशात उतरतात. म्हणजे डोळे दिपणं काय असतं हे या गाडीवाल्याइतकं क्वचितच कुणाला माहीत असेल. आणि तोच उठून चाळीस डॉलरमध्ये ती शिक्षा सायकलवाल्याला आणि म्हाताऱ्या ड्रायव्हरला देतो. सूडही चुकीच्या माणसावर!

मग अंधाराचं करायचं काय? तक्रार खरी होती, औषध चुकीचं होतं. मी शेवटी तेच केलं जे आधी करायला हवं होतं. मल्टीमीटर काढला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्बच्या कनेक्टरवर १२.३. दीड व्होल्टहून जास्त वीज तीस वर्षं जुन्या वायरी, गंजलेलं अर्थिंग आणि थकलेले स्विच खात होते. टंगस्टनच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. म्हणजे व्होल्टेज बारा टक्क्यांनी कमी असेल तर उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. बल्ब बिचारा ठीकच होता, आपणच त्याला उपाशी ठेवलं होतं.

बॅटरीपासून थेट जाड वायर, फ्यूज, अप्पर-डिपरसाठी दोन रिले, अर्थिंग घासून नव्याने आवळलेलं. दिव्याची काच आतून-बाहेरून साफ. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर बल्ब कितीही भारी आणा, उपयोग शून्य, तो दिवाच बदलायचा. बल्ब साधा, नावाजलेल्या कंपनीचा, ६०/५५ वॅट. निळसर रंगाचा नको, कारण तो निळा थर उजेड अडवूनच निळा दिसतो. ‘दीडशे टक्के जास्त’वाले चांगल्या कंपन्यांचे असतील तर चालतील, फक्त ते लवकर जातात. ९०/१०० वॅटचा तर अजिबात नको. तो जुनी वायर आणि होल्डर वितळवतो.

आणि शेवटी दिव्याचा नेम. सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करायची, टायरात हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं. डिपरच्या उजेडाची वरची रेघ दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दोन-तीन इंच खाली यायला हवी. स्क्रू फिरवायला पैसे पडत नाहीत. त्याच भिंतीवर मला आणखी एक गोष्ट दिसली. आधीच्या मालकाने हौसेने जपानहून मागवलेले दिवे डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचे होते. अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात. म्हणजे हॅलोजन बल्ब असतानाही उजेडाची चढती कड बरोबर समोरच्याच्या डोळ्यांत जात होती. काचेवर बाण छापलेला होता, वाचला कुणीच नव्हता. ते दिवेही बदलले.

सगळा खर्च एलईडीच्या दुपटीहून थोडा जास्त आणि दोन शनिवार. आता रस्ता पिवळसर दिसतो, पण लांबपर्यंत दिसतो.

हे सगळं एवढं मनावर घ्यायचं कारण साताऱ्यात आहे. बाबांना साठी ओलांडून काही वर्षं झाली. ते आता अंधार पडल्यावर स्कूटर काढत नाहीत. फोनवर मी विचारलं तर म्हणाले, “समोरून ती पांढऱ्या लाइटची गाडी आली की रस्ता पुसून टाकल्यासारखा होतो रे. मग नुसता अंदाजाने चालवतो.” वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, प्रकाश आत विखुरतो आणि दिपलेली नजर ताळ्यावर यायला वेळ लागतो. त्या गाड्या म्हणजे बहुतेक वेळा कुणाची तरी लाडकी थार असते किंवा बुलेट. आणि जुन्या थारचा, जिप्सीचा, कित्येक बुलेटचा गोल दिवा सात इंचीच असतो, माझ्या मिआटासारखाच. खोबण एच४चंच. खोकंही बहुधा तेच.

न्यू जर्सीतले ते आजोबा माझे कुणी नव्हते. बाबांसमोरून येणाऱ्या बुलेटवाल्याचे बाबा कुणी नसतात. हेडलाइट ही गाडीतली एकमेव गोष्ट असावी जी बसवतो आपण आणि भोगतो दुसरा. टायर चुकीचे घेतले तर आपण घसरतो, इंजिनात हौस केली तर आपला खिसा जळतो. इथे बिल सरळ समोरच्याला जातं आणि त्याच्याकडे तक्रार करायला दोनदा अप्पर मारण्यापलीकडे काही नसतं.

म्हणून एवढं करा. बल्ब बदललात की कुणाला तरी तुमची गाडी चालवायला द्या आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला, अंधारात, पायी उभे राहा. डिपर लावून ती तुमच्याकडे येऊ द्या. पायाखालची वाट दिसली तर बल्ब राहू द्या. नाही दिसली तर त्याच रात्री काढा. माझी ती जोडी अजून खोक्यात आहे. विकावी म्हटलं तर ती कुणाच्या तरी गाडीत बसेल, म्हणून पडून आहे.