वर्गणी संपल्यावर हिशेब कुणाचा?



लहान व्यावसायिकांनी डोळे झाकून हिशेबासाठी क्लाउड सॉफ्टवेअरकडे वळावे, हे गेल्या अंकातील लेखाचे मत एकांगी वाटले. सर्व्हरचा खर्च वाचतो, बॅकअपची चिंता कमी होते, हे मान्य. पण वर्गणी थकली की प्रवेश बंद होतो. कायमचा परवाना घेतलेली, संगणकावर बसवलेली सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती मात्र चालत राहते. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. मध्येच सेवा बदलली, तर जुनी बिले आणि खतावणी कोणत्या स्वरूपात हाती येणार, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. व्यावसायिकांनी पाच वर्षांचा एकूण खर्च मांडावा आणि डेटा परत मिळण्याची अट करारात लेखी घ्यावी. त्याशिवाय सही करू नये.

– एक लेखापाल, सांगली