संडास बांधला, पण पाणी कोण भरणार?

आमच्या बोदवडला नळाला पाणी आलं की घरात लगीनघाई उडते. हंडे, कळशा, पिंपं, गच्चीवरची टाकी, सगळं भरून घ्यायचं. पुढचं पाणी येईपर्यंत त्यावरच भागवायचं.

सासूबाईंचे गुडघे धरले म्हणून आम्ही कमोड बसवला. त्यांची सोय झाली, पण माझी झोप उडाली! जुन्या धाटणीच्या फ्लशमधून एका वेळी दहाएक लिटर पाणी जातं. घरात पाच माणसं, प्रत्येकाचे चार वेळा धरले तर दिवसाला 200 लिटर. म्हणजे पंधरा लिटरचे तेरा हंडे! शेवटी टाकीचा कॉक बंद केला आणि बादली ठेवली. तर मगामागून मग ओततेय, पाणी संपतंय, आणि भांड्यातलं हलायला तयार नाही. ‘माय वो!’ म्हणत मी कपाळावर हात मारला.

नळ दुरुस्तीवाला भाऊ हसला. ‘वहिनी, मगानं नका ओतू. अर्धी बादली एकदम टाका.’ टाकली, आणि झालं काम!

असं का? आठवा, पिंपातलं रॉकेल आपण नळीनं कसं काढायचो. एकदा नळी भरली की पुढे रॉकेल आपोआप यायचं. कमोडच्या मागे तसाच वळलेला पाइप असतो. हळूहळू ओतलं तर पाणी वळणावरून नुसतं ओघळतं, वर हवा राहते. एकदम ओतलं की वळण पाण्यानं भरतं, हवा बाहेर ढकलली जाते. पलीकडे खाली पडणाऱ्या पाण्यामुळे आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा भांड्यातलं पाणी पुढे रेटते. शेवटी हवा आत शिरते, घुर्र आवाज होतो आणि ओढ तुटते. वळणात उरलेलं पाणी वास अडवतं. या वळणाचं पेटंट 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं घेतलं होतं. काही कमोडमध्ये ही ओढ नसते, पाण्याचा धक्काच काम करतो. पण तिथेही पाणी झपकन पडायला हवं.

बसायच्या संडासाचंही तसंच. जास्त उताराचं ग्रामीण भांडं आणि वळणात जेमतेम 20 मिलिमीटर पाणी असेल, तर दीड-दोन लिटरमध्ये भागतं. सपाट भांड्याला बादली लागते. दुकानात दोन्ही मिळतात. पण निवडतं कोण? घरधनी आणि गवंडी. बघतात काय? रंग आणि किंमत.

2000 साली संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान आलं, 2014 साली स्वच्छ भारत आलं. घरोघरी संडास झाले, बायकांची अंधारातली पायपीट थांबली, हे मोलाचंच. पण त्या संडासाला रोज किती पाणी लागणार, हा हिशेब पाणी भरणारीला कुणी विचारला? मग पाणी वाचवायला तीच कमी पाणी पिते, तीच दाबून धरते आणि दुखणं अंगावर काढते.

म्हणून मैत्रिणींनो, घरात संडासाचं काम निघालं तर चहा देऊन आत वळू नका. तिथेच थांबा आणि विचारा, ‘भाऊ, याला पाणी किती लागेल?’ हंडा आपल्या डोक्यावर आहे, तर भांडंही आपणच निवडायला हवं.