संघाचा निरोप आणि सभासदाचें उत्तर

शेतकऱ्यांचा संघ कशास म्हणावें, असा प्रश्न कोणी केल्यास पुष्कळ गृहस्थ सभासदांची यादी, वर्गणीची वही व वार्षिक सभेचा अहवाल पुढें करितील. आमच्या मतें हीं संघाचीं हाडें होत. त्यांत जीव येतो तो कार्यकारी मंडळ व सभासद यांच्यामध्यें वर्षभर चालणाऱ्या बोलण्यानें. बियाणें, खतें व औषधें यांची खरेदी एकजुटीनें होते. माहितीचा व्यवहार मात्र ज्याचा त्यानें पाहावा, अशी स्थिति अनेक ठिकाणीं आहे. तिचें मोल किती पडतें, हें द्राक्ष बागायतदारांच्या एका अनुभवावरून दिसून येईल.

इ. स. २०१० च्या हंगामांत महाराष्ट्रांतून युरोपांत गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधक द्रव्याचा अंश सांपडला. तेथील मर्यादा किलोमागें ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग. माल अडकला, आणि निर्यातदार व बागायतदार या दोघांसही मोठा फटका बसला. आतां हें द्रव्य कोणी चोरून वापरीत होते, असें नव्हे. खरड छाटणीनंतर वेलीचा अवास्तव जोर आवरावा, पेरें आंखूड पडावींत व काडींत घडनिर्मिति चांगली व्हावी, म्हणून तें वर्षानुवर्षें उघडपणें वापरांत होतें. निर्यातीपूर्वीं माल प्रयोगशाळेंत तपासण्याची व्यवस्थाही २००३ सालीं आलेल्या अशाच एका अडचणीनंतर उभी राहिली होती. परंतु जीं द्रव्यें तपासावयाचीं त्यांच्या यादींत याचें नांव नव्हतें.

म्हणजे बागायतदारास आपण काय वापरतों हें ठाऊक होतें. मर्यादा किती हें युरोपच्या कायद्यांत छापलेलें होतें. आणि काय तपासावयाचें हें यादी करणारांच्या हातीं होतें. तीन तुकडे तीन ठिकाणीं पडून राहिले. पुढें तें द्रव्य तपासणीच्या यादींत आलें, हें योग्यच झालें. पण वरून खालीं येणाऱ्या सूचनांबरोबर खालून वर जाणारी वाटही तितकीच वाहती असती, छाटणीनंतर आपण काय काय वापरतों हें सभासदांनीं दर हंगामांत संघास लिहून कळविण्याची वहिवाट असती, तर माल बंदरांत पोहोंचण्यापूर्वींच ही उणीव कोणाच्या तरी ध्यानांत येण्याचा संभव पुष्कळ अधिक होता.

सभासदानें केवळ ऐकावें, ज्ञान तें शास्त्रज्ञांपाशींच, असा समज कोणाचा असेल तर तो द्राक्षाच्या मळ्यांत टिकणार नाहीं. 'तास-ए-गणेश' ही जात तासगांव तालुक्यांतील बोरगांवच्या बागेंत थॉम्सन सीडलेसमधून निवडली गेली. 'सोनाका' ही सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनीं निवडली. दोन्ही शोध शेतकऱ्याच्या डोळ्यानें लागले. जो डोळा हजारों वेलींतून एक निराळी काडी ओळखूं शकतो, तोच डोळा पानावरील केवड्याचा पहिला डाग व औषधाचा पहिला अपायही ओळखतो. त्याचें म्हणणें नोंदून ठेवण्यास जागा मात्र हवी.

यावर एक आक्षेप असा येईल कीं, हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत दूरध्वनि आहे. निरोपांचा पाऊस पडतो. मग आणखी पत्रकाचा खटाटोप कशाला? आमचें उत्तर असें कीं, निरोपांची वाण नाहीं; वाण आहे ती धन्याच्या निरोपाची. अवकाळी पावसानंतर 'अमुक औषध ताबडतोब फवारा' असा मजकूर शंभर गांवांतून फिरतो. तो कोणीं लिहिला, कोणत्या वर्षीं लिहिला, प्रमाण किती, फवारणी व काढणी यांमध्यें किती दिवस जावे लागतात, याचा त्यांत पत्ता नसतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी प्रसिद्ध करितें व ती वेळोवेळीं सुधारितें. अशा वेळीं मागील सालची यादी चालू सालची म्हणून हातीं पडणें हें यादी नसण्याहूनही घातक होय.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आपली युक्ति शेजाऱ्यास कां सांगावी? स्थानिक बाजारांत या विचारास कांहीं आधार असेल. निर्यातींत तो मुळींच नाहीं. परदेशच्या ग्राहकास रामाची बाग व शामाची बाग वेगळी दिसत नाहीं. त्यास देशाचें नांव दिसतें. शेजाऱ्याच्या पेटींतील दोषाचा दंड आपल्या पेटीच्या भावांत भरावा लागतो. तेव्हां शेजाऱ्यास वेळेवर सावध करणें हा परोपकार नसून स्वतःच्याच बागेचें कुंपण होय.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाहीं, पण तोच खरा अडसर आहे. सभासदांस लिहिण्यास मोकळीक दिली तर ते मंडळावर टीका करितील, अशी धास्ती चालकांस वाटते. टीका होईलच. परंतु ती पारावर व्हावी आणि मंडळाच्या कानीं पडूं नये, यापेक्षां नांवानिशीं, लेखी व उत्तरास पात्र अशी व्हावी, हें शंभरपटीनें बरें. ज्या मंडळास उत्तर देतां येतें त्यास प्रश्नाचें भय नको.

यास्तव आमची सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक संघानें क्रमांक घातलेलें एक सूचनापत्रक नियमानें काढावें व मागील सर्व अंक कोणासही पाहतां येतील असे ठेवावे. प्रत्येक सूचनेखालीं तारीख व लिहिणाराचें नांव असावें. ती कोणत्या जातीस, कोणत्या जमिनीस, छाटणीनंतर कितव्या दिवसास लागू, आणि कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य, हें स्पष्ट असावें. सूचना चुकली असें आढळल्यास दुरुस्ती त्याच ठिकाणीं, तितक्याच ठळक अक्षरांत द्यावी. आणि पत्रकाचा निम्मा भाग सभासदांच्या पत्रांसाठीं राखून ठेवावा. त्यांत फसलेल्या प्रयोगांस अग्रमान द्यावा; कारण यशाची बातमी आपोआप पसरते, अपयशाची मात्र झांकली जाते व दुसऱ्याच्या शेतांत पुन्हां उगवते.

हें काम पगारी कारकुनाचें नव्हे. दोन-तीन जाणते बागायतदार, एक शास्त्रज्ञ सल्लागार व आठवड्यांतील एक संध्याकाळ एवढें भांडवल त्यास पुरेसें आहे. वाचकांपैकीं जे कोणी संघाचे सभासद असतील त्यांनीं येत्या सभेंत एवढाच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षांत संघानें आम्हांस किती वेळां लिहिलें, आणि आमचें किती ऐकलें? दोन्ही आंकडे शेजारीं शेजारीं मांडले म्हणजे संघाची प्रकृति कशी आहे, हें निराळें सांगावें लागणार नाहीं.