उरलेल्या भ्रूणांचा कागद

तासगावास बेदाण्याचा सौदा झाला कीं शेतकरी अडत्याची पट्टी ओळीनओळ वाचून घेतो. याच तालुक्यांतलें अपत्यहीन जोडपें टेस्ट-ट्यूबच्या उपचारासाठीं मिरजेस वा पुण्यास गेलें, तर उरलेल्या भ्रूणांविषयींचा कागद तें तसाच वाचून सही करतें काय?

मूलपेशींच्या संशोधनास भ्रूणहत्या म्हणून सरसकट विरोध करणारांशीं आमचें जमणार नाहीं. १९९८ सालीं अमेरिकेंत थॉमसन यांनीं मानवी भ्रूणापासून अशा पेशी प्रथम वाढविल्या. पुढें परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेनेंही तें साधलें. टाकूनच द्यावयाचे भ्रूण विद्येच्या कामीं आले, तर त्यांत पाप कसलें?

आमची तक्रार निराळी आहे. २०२१ च्या कायद्यानें भ्रूण १० वर्षांपर्यंत साठवितां येतात. पुढें एक तर त्यांचा नाश, नाहीं तर जोडप्याच्या संमतीनें संशोधनास दान. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना १४ दिवसांपलीकडे भ्रूण वाढविण्यास मनाई करतात. उत्तम! परंतु सूचना म्हणजे कायदा नव्हे. आणि संमति म्हणावी तरी कशास? मूल हवें म्हणून आलेली बाई त्या दिवशीं पुढें येईल त्या कागदावर सही करील. डॉक्टरांना उलट विचारण्याची आमच्याकडे रीतच नाहीं.

तो कागद मराठींत असावा, उपचार आटोपल्यावर पुन्हा वाचून दाखवावा, आणि भ्रूण प्रयोगशाळेंत जाईपर्यंत नकार देण्याची मोकळीक असावी, एवढें कायद्यांतच स्पष्ट लिहिलें जाईपर्यंत आम्ही गप्प बसणार नाहीं.