नटाचा रहिवासी दाखला

बाल्टिमोर शहरातील पोलीस, अमली पदार्थांचे व्यापारी, गोदीकामगार, शाळा आणि वर्तमानपत्रे यांचे जे विस्तीर्ण चित्र 'द वायर' या अमेरिकन मालिकेने २००२ ते २००८ या वर्षांत रंगविले, त्यातील दोन पात्रे रसिकांच्या स्मरणातून सहसा जात नाहीत: एक मॅकनल्टी हा मद्यासक्त, हेकट, तथापि तपासाच्या कामी अव्वल असलेला पोलीस अंमलदार, आणि दुसरा स्ट्रिंगर बेल हा विषाच्या धंद्यालाही अर्थशास्त्राचे नियम लावू पाहणारा हिशेबी गुन्हेगार. पहिल्याची भूमिका करणारा डॉमिनिक वेस्ट शेफील्डचा आणि दुसऱ्याची करणारा इद्रिस एल्बा लंडनच्या हॅक्नी भागातला, म्हणजे दोघेही जन्माने इंग्रज, ही गोष्ट पुष्कळ अमेरिकन प्रेक्षकांना मागाहून कळली, आणि कळल्यावर त्यांच्यात दोन तट पडले. काहींनी तोंडात बोट घातले. इतरांना आपली फसगत झाल्यासारखे वाटले, आणि तोवर ज्यांच्या कानाला काहीही खटकले नव्हते तेच वेस्टच्या उच्चारांत इंग्लंड कोठे डोकावते याची मोजदाद करू लागले. एल्बाला तर निवडीच्या वेळी आपले इंग्रजपण बोलून न दाखविण्याची सूचनाच मिळाली होती. मालिकेच्या कर्त्यांनीही या प्रकरणातील गंमत ओळखलेली असावी, कारण एका भागात त्यांनी मॅकनल्टीला गुप्त कामगिरीवर इंग्रज गृहस्थाचे सोंग देऊन धाडले आणि अस्सल इंग्रज नटाकडून इंग्रजी धाटणीची मुद्दाम बिघडविलेली नक्कल करवून घेतली.

मला या परदेशी प्रकरणात रस वाटतो तो ते आपल्या घरच्या एका जुन्या फिर्यादीशी तंतोतंत जुळते म्हणून. मराठी माणसाची भूमिका अमराठी नटाला का द्यावी, ही ती फिर्याद. ती दरवर्षी कोणत्या ना कोणत्या चित्रपटाच्या निमित्ताने नव्याने दाखल होते, तिच्या समर्थनार्थ तीच ती कैफियत मांडली जाते, आणि चित्रपट चालला की ती कोणताही निकाल न होता दफ्तरी जमा होते. नटाकडे असा रहिवासी दाखला मागण्याचा शिरस्ता मुळातच चुकीचा आहे, असे माझे मत आहे. मात्र त्या फिर्यादीत एक खरी तक्रारही दडलेली आहे आणि ती चुकीच्या माणसाविरुद्ध केली जाते, हेही मला तितक्याच आग्रहाने सांगावयाचे आहे.

मुंबईच्या गुन्हेगारी जगताचे रुपेरी पडद्यावरील दप्तर उघडून पाहावे. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेल्या आणि गोविंद निहलानींनी १९८३ साली काढलेल्या 'अर्धसत्य'मधील अनंत वेलणकर हा फौजदार म्हणजे ओम पुरी, अंबाल्याचा पंजाबी माणूस. त्याचा हवालदार बाप म्हणजे अमरीश पुरी, तोही पंजाबीच. आणि या दोन पंजाबी वेलणकरांच्या विरोधात रामा शेट्टी म्हणून जो थंड डोळ्यांचा दादा उभा राहिला तो होता आमचा नगरचा सदाशिव अमरापूरकर. वेलणकराच्या गळ्यात दाटून येणारा संताप पंजाबी की कोकणस्थी, अशी पृच्छा त्या काळी कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पुढे १९९८ साली 'सत्या'मधून भिकू म्हात्रे अवतरला. तो बिहारच्या पश्चिम चंपारण्यातील बेलवा गावच्या मनोज बाजपेयींचा. आणि त्या म्हात्रेचे बोलणे आपण आपल्या कोल्हापूरच्या स्वयंपाक्याचे ऐकून ऐकून उचलले, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. महाराष्ट्राच्या एका टोकाचा आचारी, दुसऱ्या टोकाचे आडनाव आणि बिहारचा नट यांच्या मिश्रणातून जो म्हात्रे सिद्ध झाला, त्याला गिरगावपासून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरपर्यंत सर्वांनी आपला मानले. त्या भूमिकेला साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षीच्या पुरस्कारांत उत्कृष्ट अभिनेत्याच्या मानाचे एक वाटेकरी होते केरळचे मामुट्टी. भूमिका होती जब्बार पटेलांच्या चित्रपटातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. बाबासाहेबांच्या नावाला जेथे धक्का लागलेला क्षणभरही खपत नाही, अशा वस्त्या आमच्या जिल्ह्यात गावोगावी आहेत; तेथेही 'हा मल्याळी गृहस्थ कशाला?' असा सवाल मी कधी ऐकलेला नाही.

या परंपरेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण नवाजुद्दीन सिद्दीकींचे होय. त्यांचे जन्मगाव उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर जिल्ह्यातले बुढाना. आमच्या बुलढाण्याशी त्याचे एवढे नामसादृश्य आहे की एखाद्या गाफील कारकुनाने हा नट आमच्याच नावावर चढवून टाकावा, आणि त्या चुकीविरुद्ध मी तरी अपील करणार नाही. २०१८ च्या जुलैत आलेल्या, विक्रम चंद्र यांच्या कादंबरीवर आधारलेल्या 'सेक्रेड गेम्स' या मालिकेत त्यांनी गणेश गायतोंडे साकारला, तेव्हा कुरकुर झाली ती किरकोळ. त्यानंतर सात महिन्यांच्या आत बाळासाहेब ठाकरे यांच्या जीवनावरील चित्रपटात तेच बाळासाहेब म्हणून दिसणार असल्याने, मराठी माणसाच्या हक्कासाठी संघटना उभारणाऱ्या पुरुषाची भूमिका उत्तर प्रदेशातून आलेल्या नटाने करावी या योगायोगावर बोटे मोडली जाणार, हे उघडच होते. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये मराठी झलक प्रसिद्ध झाली तेव्हा खरा गहजब झाला तो वेगळ्याच कारणाने. चेहरा, बसण्याची ढब, चष्म्याआडची नजर ही बहुतेकांना मान्य झाली. अमान्य झाला तो आवाज. आणि तो आवाज नवाजुद्दीन यांचा नव्हताच. मराठी आवृत्तीसाठी तो दिला होता सचिन खेडेकरांनी, ज्यांच्या मराठीपणाविषयी किंवा वाणीच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नाही. शिवाजी पार्कवरील दसरा मेळाव्यांतून दशकानुदशके ज्यांनी तो खर्जातला, मध्येच थबकणारा, उपहासाने वळण घेणारा आवाज ऐकला होता, त्यांना खेडेकरांची निर्दोष मराठी परकी वाटली. निर्मात्यांना ती हरकत मान्य करावी लागली. चेतन सशीतल यांच्याकडून आवाज नव्याने घेतला गेला आणि २५ जानेवारी २०१९ रोजी चित्रपट त्याच आवाजात प्रदर्शित झाला.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. ज्या प्रेक्षकांवर प्रांताभिमानाने आंधळे झाल्याचा आरोप नेहमी केला जातो, त्याच प्रेक्षकांनी परप्रांतीय देह स्वीकारला आणि स्वप्रांतीय कंठ नाकारला. त्यांनी दाखला मागितला नाही. त्यांनी कान लावला. जन्मभूमी आणि अभिनय यांचा जो संबंध आपण गृहीत धरून चालतो तो किती दुबळा आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणत्या न्यायालयापुढे ठेवावा?

बुलढाण्यात राहणाऱ्या माणसाला हे पटवून देण्यास फार सायास पडू नयेत, कारण येथे 'मूळचा' कोण याचा निवाडा जिल्ह्याच्या हद्दीतही होत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने हा जिल्हा दुभागलेला आहे. राजूर घाट उतरून मलकापूर, नांदुऱ्याकडे गेले की बोलीचा रंग पालटतो आणि पश्चिमेला सरकावे तसतशी खानदेशची लय तिच्यात मिसळू लागते. वर मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या बाजूला मराठवाडा उंबरठ्यावरच असतो. घाटावरचा माणूस आणि घाटाखालचा माणूस एकमेकांचे बोलणे ऐकून मिशीतल्या मिशीत हसतात. अशा जिल्ह्यातला शेतकरी रंगवावयाचा झाल्यास दूरचित्रवाणीवरील लेखक काय करतो? तो 'मले' आणि 'तुले' यांची पेरणी करतो, वर नागपूरचा एक 'बे' भुरभुरवतो, आणि वऱ्हाडी सिद्ध झाली म्हणून हात झटकून मोकळा होतो. हे बहुधा विनोदाच्या प्रवेशात घडते. कारण आमची बोली करुण, गंभीर वा शृंगारिक असू शकते ही कल्पना मुंबईच्या चित्रीकरणगृहांत अद्याप पोचावयाची आहे. अमरावतीकडच्या भारत गणेशपुरे यांनी अस्सल वऱ्हाडी घरोघर नेली हे त्यांचे ऋण आम्ही मानतोच. तथापि त्यांनाही प्रवेश मिळाला तो हास्याच्याच दरवाजातून.

याउलट उदाहरण २००९ च्या 'गाभ्रीचा पाऊस'चे. सतीश मनवर यांच्या या चित्रपटात पावसाची वाट पाहणारा कापूसउत्पादक किसना आणि त्याच्या जिवाला जपणारी त्याची बायको या भूमिका गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांनी केल्या. दोघेही पुण्याच्या नाट्यसंस्कारात घडलेले, वऱ्हाडाशी ज्यांचा रक्तसंबंध सांगता येणार नाही असे. त्यांच्या उच्चारांतील बारीकसारीक चुका आमचा कोणीही म्हातारा बसल्या जागी काढून दाखवील. पण नुकत्याच पेरलेल्या सरीकडे पाहतानाचे किसनाचे ते गप्प बसणे, नव्या कर्जाची गोष्ट निघताच त्याच्या बोलण्यात येणारा तो खोटा उत्साह, हे खामगावच्या कापसाच्या बाजारात ज्याने भाव पडताना पाहिला आहे त्यास ओळखीचे वाटल्यावाचून राहत नाही. म्हणजे आमची हरकत पुणेकरास नव्हती. न ऐकता बोलणाऱ्यास होती.

आता आमच्याच पक्षाची एक लंगडी बाजूही नमूद केली पाहिजे. जिजाऊसाहेब सिंदखेडच्या, लखुजी जाधवांच्या कन्या. दरवर्षी १२ जानेवारीला त्यांच्या जन्मस्थळी लोटणारा जनसागर हा या जिल्ह्याचा सर्वांत मोठा अभिमान. पडद्यावर आणि मालिकांतून आजवर ज्या ज्या जिजाऊ आल्या, त्यांच्या मुखी बहुधा पुण्याच्या पाठ्यपुस्तकातील घोटीव मराठी घातलेली असते, आणि त्याविरुद्ध सिंदखेडराजातून कधी एखादे निवेदन गेल्याचे स्मरत नाही. वंदनीय व्यक्तीने प्रमाणभाषाच बोलावी आणि गावंढळ बोली हास्यपात्राने बोलावी, ही वाटणी आम्हीही मुकाट्याने कबूल केलेली आहे. मग नटाच्या जन्मगावावरून आमचा अभिमान जागा होतो तेव्हा तो थोडा उशिराच जागा होतो, असे म्हणावे लागते.

राहिली ती खरी तक्रार. 'सेक्रेड गेम्स'ची भूमिकावाटणी पाहावी. मध्यवर्ती गायतोंडे उत्तर प्रदेशच्या नटाकडे, मध्यवर्ती सरताज सिंग सैफ अली खान यांच्याकडे; मराठी नटांपैकी जितेंद्र जोशींकडे कॉन्स्टेबल काटेकर आणि गिरीश कुलकर्णींकडे मंत्री भोसले. जोशींचा काटेकर हा त्या मालिकेतील माझ्या मते सर्वांत जिवंत माणूस आहे. परंतु नायकाची सनद त्याच्या नावे कधीच निघणार नव्हती, कारण मराठी नटाची हिंदीतील वहिवाट हवालदार, मोलकरीण आणि पुढारी या तीन खात्यांपुरतीच मंजूर झालेली आहे. अपवाद नाहीत असे नाही. भिकू म्हात्रेच्याच साली, २१ जानेवारी १९९८ रोजी, सुरू झालेल्या 'सी.आय.डी.'मध्ये शिवाजी साटम एसीपी प्रद्युम्न झाले आणि वीस वर्षे समस्त हिंदी मुलखाने त्यांचे गाव न विचारता त्यांच्या हाताखाली तपास करवून घेतला. परंतु असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. अमेरिकेतही सॅम्युअल जॅक्सन या ज्येष्ठ नटाने २०१७ साली, कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाच्या भूमिका ब्रिटनच्या कृष्णवर्णीय नटांना दिल्या जातात यावर नाराजी दर्शविली होती. त्या अनुभवातून न गेलेल्याला तो दाखविता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला मान्य नाही. पण पोटापाण्याच्या संधीचा जो प्रश्न त्याच्या तळाशी होता तो खोटा म्हणता येत नाही.

ती फिर्याद नवाजुद्दीन किंवा बाजपेयी यांच्याविरुद्ध चालविण्यात अर्थ नाही. ते तर स्वतःच बुढान्यासारख्या, बेलव्यासारख्या आडगावांतून निघून, वर्षानुवर्षे दारोदार हिंडून तेथवर पोचले. ती चालवावयाची ती भूमिका वाटणाऱ्या निर्मात्यांविरुद्ध, आणि मागणी करावयाची ती नेमकी: पात्र ज्या तालुक्याचे, त्या तालुक्यातली दोन माणसे तरी संवाद तपासण्यास पगारावर ठेवावीत, त्यांची नावे श्रेयनामावलीत यावीत, आणि नायकाच्या भूमिकेसाठी होणाऱ्या चाचण्या केवळ अंधेरीत न होता कधी अकोला-बुलढाण्याच्या नाट्यगृहांतही व्हाव्यात. त्यातून निवड पुन्हा एखाद्या परप्रांतीयाचीच झाली तर ती मला मान्य आहे, मग तो मुजफ्फरनगरचा असो की शेफील्डचा.