केमो जवळ आली, आता शिरा जपूया

‘‘केमोची भीती नाही वाटत डॉक्टर, सुईची वाटते,’’ तिसऱ्या केमोसाठी आलेल्या एक मावशी म्हणाल्या. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठीही काढल्या होत्या, म्हणून त्या बाजूचा हात शक्यतो टाळायचा. दुसऱ्या हाताची शीर दोरीसारखी कडक, काळपट झालेली. सिस्टर अर्धा तास शीर शोधत होत्या.

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. त्यांपैकी २०० केंद्रे पहिल्याच वर्षी व्हायची होती. मुंबईच्या खेपा वाचणार असतील तर निर्णय स्वागतार्हच. पण केंद्र म्हणजे केवळ खाटा आणि औषधे नव्हेत.

डॉक्सोरुबिसिन (रुग्णांच्या भाषेत ‘लाल केमो’), व्हिनोरेलबिन यांसारखी औषधे शिरेच्या आतल्या अस्तराला दाह करतात. शीर लाल होते, दुखते, पुढे बंद पडते. हेच औषध शिरेबाहेर झिरपले, तर त्वचा आणि खालच्या पेशी मरून जखम होऊ शकते. शीर मिळेना म्हणून केमो लांबली, तर नुकसान मूळ उपचाराचेच होते.

यातले बरेचसे टाळता येते. मनगट आणि कोपराचा सांधा सोडून हाताच्या पुढच्या भागातली मोठी शीर निवडायची, त्यात शक्य तितकी बारीक इंट्राकॅथ घालायची. औषधापूर्वी रक्त मागे येते का ते पाहायचे, नंतर सलाईनने शीर धुवायची. अनेक महिने केमो लागणार असेल, तर छातीत त्वचेखाली बसवायच्या ‘केमो पोर्ट’चा किंवा दंडातून घालायच्या ‘पिक लाइन’चा विचार पहिल्या केमोपूर्वीच व्हावा. शिरा संपल्यावर नव्हे. यासाठी लागतात प्रशिक्षित परिचारिका. वर्षभर शिकून तयार झालेल्या सिस्टरची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली, की ते कौशल्यही तिच्याबरोबर जाते. नव्या केंद्रांत हे तरी टाळावे. पोर्टचा खर्चही रुग्णावर पडू नये.

रुग्णांनी काय करावे? औषध सुरू असताना जळजळ, टोचल्यासारखे किंवा सूज वाटली, तर लगेच सांगा. ‘सिस्टर कामात आहेत’ म्हणून गप्प बसू नका. नातेवाइकांनी घाईपोटी सलाईनचे चाक फिरवू नये. घरी गेल्यावर हात लाल झाला, सुजला, फोड किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मनाने शेकू नका. काही औषधांसाठी थंड शेक लागतो, काहींसाठी गरम, आणि चुकीचा शेक इजा वाढवतो.

मावशींना पुढे पोर्ट बसवला, केमो पूर्ण झाली. पण पहिल्याच दिवशी विचार झाला असता, तर त्यांची ती शीर वाचली असती.