आनुपूर्वीची पाने

नगरच्या आडते बाजारातील किंवा दाळमंडईतील जुन्या पेढीवर गादीशेजारचा खण उघडला, की रोजमेळ, पावतीपुस्तके आणि किल्ल्यांच्या जुडग्याखाली एक लहानशी पुस्तिका हाती लागत असे. कडा मळलेल्या, पाने बोटांनी गुळगुळीत झालेली. ती आनुपूर्वी. दुपारी गिऱ्हाईक ओसरले की पेढीवरचे वडीलधारे ती उघडत आणि मनातल्या मनात आकडे वाचू लागत. काही घरांत ती आजही आहे.

आनुपूर्वीत आहे तरी काय? एक ते पाच हे आकडे आणि त्यांचे सर्व संभाव्य क्रम. एक म्हणजे अरिहंतांना नमस्कार, दोन सिद्धांना, तीन आचार्यांना, चार उपाध्यायांना, पाच साधूंना. वीस कोष्टके आणि प्रत्येकात सहा ओळी. एका कोष्टकात शेवटचे दोन आकडे स्थिर राहतात, पहिले तीन जागा बदलतात. असे एकूण १२० क्रम. ज्याला नवकार झोपेतही म्हणता येतो, त्यालाही तो इथे जपून म्हणावा लागतो. जिभेला सवयीची वाट सापडत नाही, म्हणून मनाला हजर राहावे लागते. शब्द तेच, नमस्कार तोच. बदललेला असतो केवळ क्रम. ही योजना करणाऱ्याला मनुष्यस्वभावाची नेमकी पारख होती, असेच म्हणावे लागेल.

व्यापारी घराचा दिवस हाही पाठ झालेल्या मंत्रासारखा असतो. सकाळी दुकान उघडणे, उदबत्ती, माल, उधारी, वसुली, रात्री रोकड जुळवणे. घरात स्वयंपाक, सूर्यास्तापूर्वीचे जेवण, पाहुणे, मुलांचा अभ्यास, लग्नकार्ये. यात वाईट काही नाही. याच शिस्तीवर मारवाडातून आलेल्या कुटुंबांनी नगर जिल्ह्यात गावोगाव आपले पाय रोवले. परंतु पाठ झालेला दिवस माणसाला न जागवताच निघून जातो. पंचविशी आणि पन्नाशी यांच्यात काय घडले, असे विचारले तर पुष्कळांना दुकानाची वाढ सांगता येते, स्वतःची सांगता येत नाही.

या संदर्भात पूज्य श्री तिलोकऋषीजी महाराजांचे चरित्र पुन्हा वाचण्याजोगे आहे. जन्म विक्रम संवत १९०४ मध्ये रतलामचा, दीक्षा संवत १९१४ मध्ये, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षी. अखेरची वर्षे महाराष्ट्रात गेली आणि संवत १९४० मध्ये अहमदनगर येथे त्यांचे देहावसान झाले. अवघे छत्तीस वर्षांचे आयुष्य. प्रतिक्रमणात पाच पदांच्या वंदनेच्या वेळी जे सवैये घरोघर म्हटले जातात, त्यांच्या शेवटी येणारे ‘तिलोकरिख’ हे नाव त्यांचेच. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, हा प्रश्न वेगळा.

सवैयांइतकेच विलक्षण आहे ते त्यांच्या हातचे काम. त्यांनी चित्रकाव्ये रचली. ‘ज्ञानकुंजर’ म्हणजे अक्षरांतून साकारलेला हत्ती, ‘शीलरथ’ म्हणजे अक्षरांचा रथ. अतिसूक्ष्म अक्षरांत एकाच पानावर संपूर्ण दशवैकालिक सूत्र लिहिल्याचेही त्यांच्या चरित्रात नमूद आहे. दहा अध्ययने आणि दोन चूलिका एका पानावर! हे केवळ कौतुकासाठी केलेले कसब नव्हते, हे विहाराची रीत जाणणाऱ्याला सहज कळेल. साधू पायी चालतात आणि आपली पोथी-उपकरणे स्वतः वाहतात. खांद्यावरच्या ओझ्यात प्रत्येक पानाचे वजन असते. गरजेतून अक्षर बारीक झाले आणि बारीक होता होता सुंदर झाले.

शीलरथाची रचना व्यापाऱ्याला विशेष रुचावी, कारण तीत हिशेब आहे. शीलाची अंगे अठरा हजार मानली आहेत. ती येतात कोठून? करणे, करविणे आणि अनुमोदन देणे हे तीन, मन, वचन आणि काया हे तीन, आहार, भय, मैथुन आणि परिग्रह या चार संज्ञा, पाच इंद्रिये, पृथ्वीकायापासून अजीवापर्यंत दहा, आणि क्षमा, मार्दव, आर्जव इत्यादी दहा धर्म. तीन गुणिले तीन नऊ, पुढे छत्तीस, एकशे ऐंशी, अठराशे, आणि शेवटी १८,०००. रथाच्या कोष्टकांत हे शब्द मांडलेले असतात. एक गाथा म्हणावी, मग तिच्यातील एकच शब्द बदलावा, ‘क्षमा’च्या जागी ‘मार्दव’ घ्यावा, की दुसरी गाथा तयार. एका गाथेच्या साच्यातून अठरा हजार गाथा निघतात. आनुपूर्वीचीच ही मोठी बहीण. प्रतिभा म्हणजे काहीतरी अचाट नवे निर्माण करणे, अशी समजूत अलीकडे फार दृढ झाली आहे. या परंपरेची धारणा वेगळी आहे. चौकट ठरलेली ठेवावी, तिच्यात रोज एक जागा बदलावी आणि बदलताना आपण जागे असावे.

ज्यांच्याकडे घर नाही, पैसा नाही, चातुर्मासाखेरीज मुक्काम नाही, त्यांना हे साधले. आणि ज्यांच्या घरी कपाटभर वह्या व हाताशी दिवे-पंखे आहेत, ते म्हणतात की वेळ नाही. वेळ नसतो हे पुष्कळदा खरे असते, विशेषतः घरातील स्त्रीच्या बाबतीत. म्हणूनच इथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सर्वांना पाठ आहेत: प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, ध्यान आणि व्युत्सर्ग. वैयावृत्त्य म्हणजे सेवा. आपल्या घरांतील सुना-सासवा पहाटेपासून रात्रीपर्यंत सेवाच करीत असतात. वृद्धांची, आजाऱ्यांची, आल्यागेल्यांची. पण त्याच यादीत सेवेला लागूनच स्वाध्याय आहे. एकीकडे सेवेची अपेक्षा गृहीत धरायची आणि दुसरीकडे स्वाध्यायासाठी मागितलेली अर्धी घटका ‘रिकामपण’ ठरवायची, हा हिशेब जुळत नाही. अठ्ठाईचे पारणे झाले की घरी मंडप पडतो, वरघोडा निघतो, आणि ते उचितच आहे. पण एखाद्या सुनेने दोन वर्षे रोज चार ओळी लिहून एक वही भरली, तर ती वही घरात कोण वाचते? लग्नापूर्वी चित्रे काढणारी, गाणारी, सुरेख अक्षर असलेली मुलगी दहा वर्षांत ‘आता हात वळत नाही’ म्हणू लागते. हात आपोआप विसरत नाही. त्याला कोणी विचारले नाही, म्हणून तो विसरतो.

नगर जिल्ह्यातच याचे उत्तर एकदा शोधले गेले आहे. तिलोकऋषीजींचे शिष्य रत्नऋषीजी आणि रत्नऋषीजींचे शिष्य आचार्यसम्राट आनंदऋषीजी. त्यांचा जन्म १९०० मध्ये पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीचा, दीक्षा १९१३ मध्ये मिरी येथे. मराठी मुलखातील हा मुलगा पुढे संस्कृत-प्राकृतापासून अनेक भाषा शिकला आणि शिकण्याचा हा क्रम दीक्षेनंतरही दीर्घकाळ चालू राहिला. तिलोकऋषीजी आणि रत्नऋषीजी या दोघांच्या नावाने पाथर्डीत धार्मिक परीक्षा बोर्ड उभे राहिले. त्याचे मोल केवळ प्रमाणपत्रांत नाही. शाळा लवकर सुटलेल्या कितीतरी श्राविकांना त्या परीक्षांनी एक सबब मिळवून दिली. ‘माझी परीक्षा आहे’ एवढे म्हटले की घरातील माणसे आपोआप बाजूला होत. नुसते ‘मला वाचायचे आहे’ म्हणून जे मिळत नव्हते, ते परीक्षेच्या तारखेने मिळवून दिले.

आजही सबब लागते, हे मान्य करून चालावे. सामायिकाच्या दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, त्यांच्याच राहोत. त्यांत दुसरे काही मिसळू नये. परंतु त्यांच्यापासून एक गोष्ट घेता येईल, ती म्हणजे कुंपण. मुहपत्ती बांधून आसनावर बसलेल्या माणसाला दुकानातून कोणी हाक मारत नाही, फोन देत नाही. तसेच अर्ध्या तासाचे कुंपण अक्षर घोटण्यासाठी, भजनाला नवी चाल बसवण्यासाठी, आजीच्या तोंडच्या मारवाडी म्हणी उतरवून ठेवण्यासाठी, भिंतीवर मांडणे रेखण्यासाठी घालता येते. वेळ ठरलेली आणि जागा ठरलेली असावी. सुरुवातीचे आठ-दहा दिवस घरचे हसतील. नंतर दुपारी तीन वाजता कोणीतरी स्वतःहून दार लोटून घेईल.

पुरुषांचा प्रश्न थोडा निराळा. मुलांनी व्यवहार हाती घेतला, हिशेब संगणकावर गेला आणि गादीवरचे वडील अचानक निरुपयोगी झाल्यासारखे बसून राहतात. भाव विचारतात, गड्यांवर चिडतात, रक्तदाबाच्या गोळ्या मोजतात. त्यांच्या बोटांत मात्र चाळीस वर्षांच्या रोजमेळाचे वळणदार अक्षर असते. अशा हाताने नातवंडांसाठी एक आनुपूर्वी स्वतः आखून लिहावी. १२० ओळी काही फार नाहीत. रोज एक कोष्टक लिहिले तर वीस दिवसांत पुस्तिका पूर्ण होते. लिहिताना कोठे आकडा चुकला, तर तो चुकतो कोठे हेही पाहण्यासारखे असते. बहुधा जिथे मन पुन्हा उधारीकडे वळले तिथे.

कागदाची अडचण तर मुळीच नाही. दिवाळीत वहीपूजनासाठी लाल वेष्टनाची नवी वही अजूनही घरोघर येते. पहिल्या पानावर स्वस्तिक, लाभ-शुभ, तिथी आणि वार लिहिला जातो. मग हिशेब संगणकावर चालू राहतो आणि वही कपाटात जाते. गेल्या चार-पाच दिवाळ्यांच्या अशा वह्या प्रत्येक पेढीत सापडतील. पहिले पान कुंकवाने भरलेले, बाकीची कोरी.

त्यांतली एक काढून सुनेच्या हाती द्यावी, आणि एक स्वतः घ्यावी.